रांजण कुणाच्या घागरीनं भरला

आमच्या गल्लीत नळाला पाणी येणार असलं की आदल्या रात्रीच चाहूल लागते. पिंपं घासून उपडी घातलेली असतात, कुणी मोटारीचा पाईप शोधत असतं, आणि ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथं ते जागं असतं. पाणी कधी सहाव्या दिवशी येतं, कधी आठव्या. उन्हाळ्यात आम्ही दिवस मोजणंच सोडून देतो. येतं ते पैठणहून, पन्नास-साठ किलोमीटरवरच्या जायकवाडी धरणातून. देवाच्या प्रेमाविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना मी नळापासून सुरू करते आहे खरी, पण माझाही इलाज नाही. या शहरात पाण्याचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी देवाचं नाव घेतं. ते दर वेळी भक्तीनंच घेतलेलं असतं, असं मात्र नाही.

त्या जलाशयाचं नाव नाथसागर. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण, सुमारे 10 किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, 27 दरवाजे. मराठवाड्याच्या तहानेवर उपाय म्हणून हे धरण झालं आणि त्याला नाव मिळालं एका गृहस्थाचं, ज्याच्या घरी देवानं बारा वर्षं पाणी भरलं अशी कथा आहे. नाव सुचवणाऱ्याच्या मनात ही कथा होती की नव्हती कोण जाणे. बसलं मात्र चपखल.

कथा घरोघर ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पैठणला एकनाथांच्या वाड्यावर एक पोरगा आला. नाव श्रीखंड्या. काही काम द्या म्हणाला. चंदन उगाळायचं, भांडी घासायची आणि मुख्य म्हणजे गोदावरीवरून कावडीनं पाणी आणून रांजण भरायचा. नाथांच्या घरी माणसांचा राबता, पंगती रोजच्या. त्या घरातलं पाणी भरणं म्हणजे खांदे सोलून काढणारं काम. अशी बारा वर्षं गेली. मग द्वारकेहून एक ब्राह्मण देवाला हुडकत आला. देव इथं नाही, तो पैठणला एकनाथाच्या घरी राबतो आहे, असा त्याला दृष्टांत झालेला. वाड्यात शोधाशोध सुरू झाली, तोवर श्रीखंड्या नाहीसा झाला होता.

तो वाडा म्हणजे आजचं गावातलं नाथमंदिर. रांजण तिथं आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, तो भरायला सुरुवात होते आणि षष्ठीपर्यंत लोक रांगा लावून पाणी ओततात. ज्याच्या घागरीनं रांजण काठोकाठ भरून वाहू लागतो, त्याच्या रूपानं देवच येऊन गेला असं मानतात. षष्ठी हा नाथांच्या जलसमाधीचा दिवस, साल 1599. परंपरेनं त्याच तिथीवर आणखीही योग मांडले आहेत: गुरू जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, त्यांची समाधी, नाथांवरचा अनुग्रह. इतिहासाचा अभ्यासक यावर भुवया उंचावेल, आणि उंचावू दे. मला त्यात एवढंच दिसतं की जन्म, भेट आणि मरण एकाच दिवशी साजरं करायला इथली माणसं कचरली नाहीत.

एका वर्षी मीही त्या रांगेत होते. पुढे एक बाई, डोक्यावर स्टीलची कळशी, कळशीतलं पाणी हिंदकळून अर्धा पदर भिजलेला. मागे आठ-नऊ वर्षांचं पोरगं, हातात थंड पेयाची रिकामी बाटली, तीत नदीचं गढूळ पाणी. पोरानं आईला विचारलं, “माझ्या बाटलीनं भरला तर मग मी देव का?” आई म्हणाली, “गप. ओत आन् सरक पुढं.”

या पुस्तकातल्या बाराही लेखांची मुळं त्या रांगेत आहेत, म्हणून तिथं मला काय सुचलं ते आधी सांगून टाकते.

आपल्याकडच्या देवाच्या बहुतेक कथा संकटाच्या आहेत. गजेंद्राचा पाय मगरीनं धरला, देव धावला. द्रौपदीनं हाक मारली, वस्त्रं पुरवली. दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांना खुली केली आणि बादशहाचा कोप झाला, तेव्हा विठू महार होऊन देवानं बिदरला पैसे भरले. मराठीत या सगळ्याला शब्दही नेमके आहेत: माणूस धावा करतो, देव पावतो. श्रीखंड्याच्या कथेत यातलं काहीच नाही. कुणी धावा केलेला नाही, कुणाचा गळा आवळलेला नाही. पोरगा आपण होऊन आला आणि राहिला. संकट नसताना राहिला, संकट आलं तेव्हाही राहिला, आणि दोन्ही वेळी त्यानं पाणीच भरलं. धावून येणारा देव वेगळा आणि घरात राहणारा देव वेगळा. आपल्यावर वेळ येते तेव्हा आपण पहिल्याची वाट बघत दाराशी उभे राहतो. दुसरा मागच्या अंगणात असतो आणि कावडीचा आवाज आपल्या इतका सवयीचा झालेला असतो की तो ऐकूच येत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्यायची. बारा वर्षं देव घरात होता म्हणून नाथांचं काही सोपं झालं, असं परंपरा सांगत नाही. आईबाप तान्हेपणीच गेलेले, वाढवलं आजोबांनी, चक्रपाणींनी. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली (तीही 1584 मध्ये, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर), भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत लिहिलं, तर काशीच्या पंडितांना आधी तोंड द्यावं लागलं. श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या महारांना वाढला म्हणून गावानं बहिष्कार घातला. पोटचा मुलगा हरिपंडित बापाचं वागणं न पटून घर सोडून काशीला गेला. यातलं एकही संकट श्रीखंड्यानं परतवून लावलेलं नाही. मुलगा रागावून निघाला त्या सकाळीही रांजण भरलेला असणार, एवढंच.

कावडीवरून दुसरी कथा आठवते. काशीची गंगा रामेश्वराला घालायला कावडीतून नेत असताना वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. दोन्ही कथा आपण वेगवेगळ्या सांगतो; वस्तू एकच आहे. एका कथेत नाथांची कावड, दुसरीत देवाची, आणि दोन्ही वेळा पाणी पोचतं ते तहानेपाशी.

आता जरा भांडणाचं. कुणाचं तरुण माणूस गेलं की तिसऱ्या दिवसापर्यंत एक वाक्य घरात येतंच: देव परीक्षा बघतो. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला दुसरं सुचत नसतं. पण मी एकतीस वर्षं मास्तरकी केली आहे आणि परीक्षा म्हणजे काय ते मला आतून माहीत आहे. परीक्षा घेणाऱ्याला पोरांविषयी प्रेम असेलच असं नाही. पेपर तपासायचा कंटाळा मात्र हमखास असतो. जो देव आईचं दूध आटवून तिची परीक्षा बघतो, त्याच्या प्रेमाविषयी पुस्तक लिहायला मी बसले नसते. ‘प्रारब्धाचे भोग’ हेही तसंच. स्वतःविषयी म्हटलं तर त्यात धीर असतो, दुसऱ्याला ऐकवलं की तो शिक्षेचा निकाल होतो.

हिशोब लागत नाही हे खरं दुखणं. नाथांच्या चरित्रात हिशोबाची एक रात्र आहे. देवगिरीवर, म्हणजे आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि कोवळा एका त्यांच्या हाताखाली जमाखर्च बघायचा. एकदा एक पै जुळेना. रात्रभर दिव्याशी बसून पहाटे चूक सापडली तेव्हा पोरानं आनंदानं टाळी वाजवली, आणि जागे झालेले स्वामी म्हणाले की एवढा जीव देवात लागला तर काय होईल! कीर्तनकार या कथेतून एकाग्रता काढतात. मला ती ऐकताना दुसरंच वाटतं. एका पैसाठी रात्र जाळणाऱ्या या माणसानं आईबाप का नेले याचा जमाखर्च देवाकडे मागितल्याची एकही कथा मला आठवत नाही. त्याला हिशोब कळत होता. कुठला ताळेबंद आपल्या वहीत मांडता येत नाही, हेही बहुधा कळत असावं.

दवाखान्यात हे कळून उपयोग नसतो, ही गोष्ट वेगळी. माझे वडील एका मोठ्या दवाखान्यात सतरा दिवस होते. त्या मजल्यावरचा पाण्याचा कूलर बंद होता, कधीपासून ते कुणी सांगेना. शेजारच्या खाटेपाशी सिल्लोडकडची एक बाई होती, तिचा धनी शुद्धीवर नव्हता. पहाटे ती सगळ्या खाटांखालच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायची, खताच्या पिशवीत भरायची आणि जिने उतरून खालून भरून आणायची. बाटल्यांची झाकणं हिची तिला, तिची हिला लागायची. मी एकदा चिडून म्हटलं, “तुम्ही एवढं करताय, तुमच्या देवाला दिसत नाही का?” ती खाली बसून झाकणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याच्यामागं काय कमी लोक हायेत का, ताई? येईल. आपला नंबर आला की येईल.” केसपेपरच्या रांगेत चार-चार तास उभं राहिलेल्या बाईनं देवालाही खिडकीमागं बसवलं होतं. मला तेव्हा हसू आलं. अठराव्या दिवशी वडिलांना घेऊन आम्ही निघालो तेव्हा तिची खाट रिकामी होती. तिचा माणूस बरा होऊन गेला की कसा, हे विचारायला मला धीर झाला नाही.

पुढच्या लेखांत जे सगळ्यात अवघड आहे त्याचा उल्लेख इथंच केलेला बरा, नाही तर वाचकाला फसवल्यासारखं होईल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून, गुलाल न धुताच लोक झोपले होते. 8 मे 2020 च्या पहाटे, टाळेबंदीत जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर आमच्या जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर थकून झोपी गेले आणि मालगाडीखाली 16 जण गेले. रुळांमध्ये पसरलेल्या त्यांच्या रोट्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. करमाडच्या लेखात मी श्रीखंड्याचं नाव घेतलेलं नाही. तीनदा घेऊन पाहिलं आणि तीनदा खोडलं. तिथं फक्त रस्ता, अंतर आणि तारीख ठेवली आहे.

मंगळवेढ्याचं वर म्हटलं ते पुन्हा काढते, कारण त्या एका गावात दोन्ही गोष्टी आहेत. दामाजीपंतांसाठी देव महाराचं रूप घेऊन धावला. त्यांच्या आधी शतकभर, 1338 साली, त्याच गावात खरोखरचा महार, चोखोबा, गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून तिच्याखाली गेला. त्याच्यासाठी कुणी धावून आलं नाही. नामदेवांनी ढिगाऱ्यातून हाडं निवडली ती ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती, असं सांगतात, आणि चोखोबाची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, दाराच्या बाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. त्याच बाबासाहेबांनी 1950 साली या शहरात महाविद्यालय सुरू केलं, पुढे ते मिलिंद म्हणून नावाजलं, आणि 1956 नंतर इथल्या हजारो घरांनी भिंतीवरचे देव उतरवून ठेवले. माझे कितीतरी सहकारी त्या घरांतले. त्यांच्यापैकी एकानं हस्तलिखित वाचून समासात लिहिलं, “पाणी भरणारा देव बरा आहे; पण आमच्या आज्ज्याला त्या रांजणाला हात लावू दिला असता का?” हा प्रश्न मी पुस्तकात तसाच छापला आहे. नाथांनी गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं लेकरू कडेवर घेतलं हे खरं उत्तर आहे, पण ते नाथांपुरतं.

विश्वास टिकतो कसा याचं मला माहीत असलेलं सर्वांत कठोर उदाहरण पैठणचं नाही आणि वारकरीही नाही. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थं फिरले. जवळ होतं ते देवाच्या नावानं दानात दिलं. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात ते गेले, आई गेली, मागोमाग बहीण. सोळा वर्षांची मुलगी भावाबरोबर अनवाणी देशभर फिरली. ज्या देवांना घरच्यांनी सगळं वाहिलं ते पावले नाहीत, हे त्यांनी पुढे स्पष्ट लिहिलं. 1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. महाराष्ट्रानं त्यावर केलेला गदारोळ ही निराळी कथा. मला महत्त्वाचं वाटतं ते 1896-97 सालचं. पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या रमाबाई तिथं जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. त्यांना नवा देव मिळाला म्हणून जुनं दुःख भरून आलं, असं काही माझ्या वाचण्यात दिसत नाही. ज्या दुष्काळात आपल्यासाठी कुणी आलं नव्हतं, तसल्याच दुष्काळात त्या दुसऱ्यांसाठी गेल्या. धर्म बदललेल्या बाईला मी नाथांच्या पुस्तकात का घेतलं असं एका कीर्तनकार मित्रानं विचारलं. कावड बघा, एवढंच त्यांना सांगितलं.

लांबून पाणी आणणाऱ्या देवाची कल्पना आमच्या शहराला सुचावी यात नवल नाही. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात बाबा शाह मुसाफिरांच्या तकियापाशी पाणचक्की झाली. काही किलोमीटरवरून मातीच्या खापरांच्या नळातून पाणी येतं, भिंतीच्या माथ्यावरून हौदात पडतं, आणि त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरून फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ निघायचं. लहानपणी आम्ही शाळेच्या सहलीला जायचो. हौदाच्या काठावर बसून भिंतीवरून पडणारं पाणी बघायचो आणि ते कुठून येतं असं विचारलं की गुरुजी लांबच्या डोंगराकडे हात करायचे. मधलं काहीच दिसायचं नाही. रस्ता, घरं, दुकानं. त्या सगळ्याखालून ते येत होतं. खापर कुठं फुटलं तर पाणी बंद पडायचं, लोक उकरायचे, सांधायचे. ‘अखंड’ या शब्दाला हे उकरणं-सांधणं चालतं का? मला वाटतं, चालतं. रोज सांधल्याशिवाय काय अखंड राहतं?

यावर माझ्या आजीचं मत वेगळं असतं. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. दिवसभर हातोडी, संध्याकाळी सुकडी, घरी मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी, जी थंड झाली की तुटायची नाही. त्या वर्षी तिनं एकादशी सोडली का, असं मी मोठी झाल्यावर विचारलं. ती म्हणाली, “उपास तर रोजच होता, येगळी एकादशी कशाला धरू?” आणि त्या वर्षी देवाशी बोलणं बंद होतं, असंही म्हणाली. पाऊस आल्यावर पुन्हा सुरू केलं. त्याच्याकडून काही बंद नव्हतं, असं तिचं म्हणणं, “मीच रुसले होते.” देवावर विश्वास म्हणजे न रुसणं असं तिला कधी वाटलं नाही. घरात राहणाऱ्या माणसावरच रुसता येतं, परक्यावर कोण रुसतो?

रचनेविषयी दोन शब्द. लेख काळानुसार लावलेले नाहीत. पैठणचे चार आधी आहेत, कारण ते वाचल्याशिवाय बाकीचे उघडे पडतात. करमाडचा अकरावा. बारावा नाथषष्ठीच्या आदल्या दिवसाचा; त्या दिवसांत नदीला पाणी नसतं, वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून सोडावं लागतं, आणि कोरड्या वाळूवर पाल ठोकून बसलेले दिंडीवाले ते येताना बघायला उठून उभे राहतात. ज्यांना फक्त धीर हवा आहे त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.

ऋण मानायचं ते पैठणच्या त्या घरांचं, ज्यांनी वारीच्या गर्दीत मला ओट्यावर बसायला जागा दिली; समासात भांडणाऱ्या सहकाऱ्याचं; आणि सिल्लोडकडच्या त्या बाईचं. तिचं नाव मी सतरा दिवसांत विचारलं नाही, त्यामुळे ते इथं छापता येत नाही. सामानात तिनं भरून दिलेली एक बाटली आमच्याकडे आली. बाटली एका कंपनीची, निळं झाकण दुसऱ्या; फिरवून घट्ट बसत नाही, आडवी ठेवली की गळते. म्हणून ती उभी ठेवते.

छत्रपती संभाजीनगर
तुकाराम बीज